फास्ट चार्जरवर गाडी रखडते, रेंजही मिळत नाही : बॅटरीला दोष देण्याआधी काय काय तपासाल

पिंपरी-चिंचवड भागात मी इलेक्ट्रिक गाड्यांचे घरगुती चार्जर बसवून देतो. त्यामुळे गाडी कुठल्याही कंपनीची असो, चार्जिंगचं काही अडलं की फोन मलाच येतो. "दादा, गाडी चार्जच घेत नाहीये," किंवा "बॅटरी बसली वाटतं." बसलेली बॅटरी क्वचितच निघते. निघतं ते दुसरंच काहीतरी, आणि पुष्कळदा ते फुकटात सुटतं. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून ठेवतो. बिनखर्चाचं आधी, खर्चाचं मागून.

लक्षणं

यातलं काही तुमच्या गाडीत दिसतंय का बघा:

- चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय, पण गाडी १८-२० च्या पुढे जात नाही.
- सुरुवातीला झपाट्याने भरते, ८० टक्क्यांनंतर आकडा हलेनासा होतो.
- गन (केबलचं गाडीत खुपसायचं टोक) लावली की मशीन नुसतंच थांबून राहतं, किंवा मिनिटभर चालून आपोआप बंद पडतं.
- एका ठिकाणी व्यवस्थित चार्ज होते, दुसरीकडे अजिबात नाही.
- घरी रात्रभर लावूनही सकाळी पूर्ण भरलेली नसते.
- १०० टक्के दाखवते, पण रेंज घेतली तेव्हापेक्षा बरीच कमी. किंवा पंचवीस टक्क्यांवरून एकदम बारा-तेरावर घसरते.

ही सगळी लक्षणं एकाच रोगाची नाहीत. पहिली दोन वेगाची, पुढची दोन गाडी आणि मशीन यांचं न जुळण्याची, पाचवं घरच्या वायरिंगचं आणि शेवटचं बॅटरीच्या हिशोबाचं. तुमचं कुठलं आहे ते आधी ठरवा, म्हणजे निम्मं काम वाचेल.

फुकटातलं आधी : सेटिंग, पैसे, शेजारची गाडी

गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा कितीवर आहे ते बघा. कुणीतरी ८० वर ठेवलेली असते आणि घरात दुसऱ्यालाच गाडी हातात मिळते. काही गाड्यांत चार्जिंगची वेळ लावता येते, काहींत एसी (घरच्या विजेवरच्या, हळू) चार्जिंगचा अँपिअर कमी करता येतो. पोरांनी स्क्रीनवर बोटं फिरवताना रात्री दोनची वेळ लावून ठेवलेली मी पाहिली आहे. आईवडील संध्याकाळपासून चार्जर बंद-चालू करत बसले होते.

बाहेरच्या चार्जरवर वॉलेटमधली शिल्लक बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तुम्ही सुरुवातीला जेवढे युनिट किंवा रुपये टाकता, तेवढे संपले की मशीन थांबतं. त्यात १८ टक्के जीएसटी वरून लागतो, म्हणून हिशोब केला त्याआधीच पैसे संपतात. मशीन बंद पडलं असं वाटतं; बंद झालेला असतो तुमचा व्यवहार.

आता शेजारी बघा. दोन गनचं ६० किलोवॅटचं मशीन असेल आणि दुसऱ्या गनला गाडी लागलेली असेल, तर बहुतेक ठिकाणी वीज वाटली जाते आणि तुमच्या वाट्याला ३० येतात. शेजारचा निघून गेल्यावर काही मशीन आपोआप वाढवून देतात, काहींना चार्जिंग बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. हे करून बघायला दोन मिनिटं लागतात.

मशीनवरचा आकडा आणि गाडीचा घास

६० किलोवॅट ही मशीनची ताकद झाली. गाडी किती घेणार ते गाडी ठरवते. गाडीतली यंत्रणा मशीनला सांगते की इतके अँपिअर दे, आणि मशीन तेवढेच देतं. १२० च्या चार्जरवर लहान बॅटरीची गाडी लावली म्हणून ती दुपटीने भरत नाही. गाडीच्या पुस्तकात डीसी (म्हणजे फास्ट) चार्जिंगची कमाल क्षमता दिलेली असते. ती पाहिल्याशिवाय चार्जरवाल्याशी भांडू नका.

दुसरी गंमत व्होल्टेजची. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तुमच्या गाडीची बॅटरी साधारण ३२० व्होल्टची आणि ती गन १०० अँपिअरवर अडलेली असेल, तर ३२० गुणिले १०० म्हणजे ३२ किलोवॅट झाले. मशीनवर ६० लिहिलेलं खोटं नाही, पण ते जास्त व्होल्टेजच्या गाडीसाठी खरं आहे. मशीनच्या बाजूला एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर कमाल अँपिअर लिहिलेले असतात. ती वाचायची सवय लावा.

आणि मशीनही आजारी पडतात. आतमध्ये लहान लहान पॉवर मॉड्यूल एकत्र जोडलेले असतात. त्यातलं एखादं बंद पडलं तरी मशीन चालूच राहतं, फक्त कमी देतं. हायवेच्या कडेच्या मशीनच्या जाळ्या धुळीने भरतात, हवा आत जात नाही आणि मशीन गरम होऊन स्वतःच वेग कमी करतं. पंखे कर्कश ओरडत असतील आणि जाळीवर बोटभर धूळ असेल, तर दोष गाडीचा नाही. याची खात्री करायचा एकच मार्ग: त्याच आठवड्यात, साधारण तेवढ्याच टक्क्यांवर, दुसऱ्या ठिकाणच्या दुसऱ्या मशीनवर लावून बघा. तिथे नीट घेतली तर प्रश्न मिटला.

गन नीट बसली का

चारचाकीची डीसी गन आपल्याकडे आता जवळपास सगळीकडे सीसीएस-२ ची. वर गोल भाग, खाली दोन जाड पिनांचा भाग. वीज त्या खालच्या जाड पिनांतून जाते; वरच्या बारीक पिनांतून गाडी आणि मशीन एकमेकांशी बोलतात. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली ओढली जाते आणि वरची बारीक पिन धड टेकत नाही. मग मशीन नुसतं थांबून राहतं.

उपाय साधा. गन पूर्ण आत ढकला, खालून हाताने किंचित उचलून धरा आणि गाडीचं कुलूप खट्ट वाजेपर्यंत तशीच ठेवा. त्यानंतर सोडा. "एका चार्जरवर होतं, दुसऱ्यावर नाही" ही तक्रार एवढ्यानेच सुटलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

नाही सुटली तर गाडी पूर्ण बंद करा, कुलूप लावा, चार-पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. बिघाड झाल्यासारखं वाटलं तरी कित्येकदा फक्त बोलणं अर्धवट तुटलेलं असतं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. चार्जिंग सुरू करण्याआधी मशीन इन्सुलेशन तपासतं, म्हणजे वीज कुठून बॉडीत गळत नाही ना हे बघतं. गनच्या तोंडात पाणी साचलं असेल तर ही तपासणी नापास होते आणि मशीन इन्सुलेशनचा किंवा आयसोलेशनचा दोष दाखवतं. गन उलटी धरून पाणी झटका, गाडीच्या झाकणाच्या आसपासचा भाग कोरड्या फडक्याने पुसा. पिनांमध्ये बोट, काडी, स्क्रू ड्रायव्हर काहीही घालायचं नाही. दोन वेगवेगळ्या मशीनवर तोच दोष आला तर पुढे प्रयत्न करू नका, तो गाडीतला दोष आहे.

किती टक्क्यांवर लावता?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

फास्ट चार्जिंगचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा नसतो. कंपन्या १० ते ८० टक्क्यांचीच वेळ छापतात, कारण त्या पट्ट्यात गाडी भराभर घेते. ८० च्या पुढे बॅटरीचं व्होल्टेज आपल्या मर्यादेजवळ येतं आणि गाडीची यंत्रणा अँपिअर कमी करत जाते. हे तिने केलंच पाहिजे. भरत आलेल्या बॅटरीत जोराने वीज ढकलली तर लिथियम आतल्या ग्रॅफाइटमध्ये मुरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूसारखं साचायला लागतं. ते लिथियम मग कामाला येत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. गाडी हळू झाली म्हणजे ती स्वतःला सांभाळते आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा: ६५ टक्क्यांवर चार्जरला लावून "वेगच मिळत नाही" म्हणणं बरोबर नाही. १५-२० वर आणून लावा आणि मग बघा. आणि ८० ला निघा. अनेक गाड्यांत शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ७० टक्क्यांएवढा वेळ जातो. पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्याला एकदाच १०० करण्याच्या नादात लोक दोन चहा आणि एक जेवण करून बसतात, मागे रांग लागते ती वेगळीच.

एक्स्प्रेसवेवरून मुंबईकडे जाणाऱ्यांनी लोणावळ्याला तर १०० करूच नये. पुढे लगेच घाट उतरायचा असतो. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते, पण बॅटरी आधीच तुडुंब असेल तर ती वीज ठेवायला जागा नाही. गाडी रिजन (उतारावरची ही भरणी) कमी करते आणि ब्रेकवर भार येतो. विकत घेतलेले युनिट भरून, फुकटचे सोडून दिले असं होतं.

आता "रोज फास्ट चार्ज केलं तर बॅटरी खराब होते का?" खराब होते हा शब्द मोठा आहे, पण उष्णता आणि जास्त करंट दोन्ही बॅटरीला झिजवतात, हे खरं. घरी किंवा सोसायटीत सोय असेल तर रोजचं चार्जिंग हळू एसीवर आणि फास्ट चार्जिंग प्रवासात, ही चांगली सवय. सोय नसेल तर फास्ट चार्जरवर जगता येतं, फक्त मधूनमधून हळू चार्जरवर पूर्ण भरा. किती वेळा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि वॉरंटीशी त्याचा संबंध असू शकतो, त्यामुळे ते पान वाचाच.

पूर्ण भरण्यावरून लोक वाद घालतात, कारण दोघांचंही बरोबर असतं. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी असेल (कोना, आयोनिक फाइव्ह अशा गाड्यांत ती आहे) तर रोज ८० टक्क्यांवर थांबणं तिला मानवतं, १०० फक्त लांबच्या प्रवासाआधी. एलएफपी म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट असेल (नेक्सॉन, विंडसर, बीई सिक्स) तर तिचं व्होल्टेज मधल्या टक्क्यांमध्ये जवळजवळ सपाट असतं. व्होल्टेजवरून किती भरली हे कळत नाही, म्हणून गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. १०० पर्यंत भरलं की गाडीला एक पक्का टप्पा सापडतो आणि हिशोब पुन्हा जुळतो. पंचवीसवरून एकदम बारावर घसरणाऱ्या गाडीत मी सगळ्यात आधी हाच उपाय सांगतो: हळू चार्जरवर १०० करा आणि भरल्यावरही तास-दोन तास लावूनच ठेवा. त्या वेळात सेल एकमेकांशी जुळवून घेतात.

ऊन

एप्रिल-मे मध्ये नागपूर, अकोला, चंद्रपूर भागात ४५ अंशांच्या उन्हात तासभर हायवेवर पळवून गाडी थेट चार्जरला लावली, तर ती वेग कमी करणारच. बॅटरी आधीच तापलेली आणि चार्जिंगमध्ये आणखी तापणार. सावलीतलं मशीन शोधा. चार्जरला पोचण्याआधीचे दहा-पंधरा किलोमीटर जरा सबुरीने चालवा. लावल्यावर गाडीतून पंख्याचा किंवा कॉम्प्रेसरचा आवाज येईल, ती बॅटरी थंड करते आहे, घाबरू नका. तुम्ही आत एसी लावून बसलात तर थंडाव्यासाठी दोघांची ओढाताण होते, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेर सावलीत बसलेलं बरं. सकाळी त्याच मशीनवर गाडी नीट घेत असेल तर निदान झालं.

बारा व्होल्टची बॅटरी

मोठ्या बॅटरीच्या गोंधळात ही लहान बॅटरी सगळे विसरतात. इलेक्ट्रिक गाडीतही पेट्रोल गाडीसारखी बारा व्होल्टची बॅटरी असते. गाडीचे कॉम्प्युटर, कुलपं आणि मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतात. ती मान टाकायला लागली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, चार्जिंग धरत नाही, स्क्रीनवर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा दिवे लागतात. गाडी दोन-तीन आठवडे उभी होती, डॅशकॅम कायम चालू असतो, चावी मधेच ओळखत नाही, अशी लक्षणं असतील तर संशय इथे घ्या.

साध्या मल्टिमीटरने, गाडी रात्रभर बंद असताना, मोजता येतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर १२.६ च्या आसपास म्हणजे ठीक, १२.२ च्या खाली म्हणजे अर्ध्यावर आली. मोठ्या बॅटरीच्या मानाने ही फारच स्वस्त. हिला जम्प देता येतो, पण कुठल्या टोकाला ते पुस्तकात बघून. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायची नाही, आतला कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेला नसतो.

घरचं चार्जिंग : खड्डा, तार आणि सॉकेट

हे माझं रोजचं काम, म्हणून जास्त बोलतो.

गाडीबरोबर येणारा १५ अँपिअरच्या सॉकेटचा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. ४० युनिटची (किलोवॅट-अवरची) रिकामी बॅटरी त्याच्यावर भरायला तेरा-चौदा तास लागतात, कारण १०-१५ टक्के वीज वाटेतच उष्णतेत जाते. रात्री अकराला लावून सकाळी सातला १०० ची अपेक्षा ठेवली तर गणितच चुकतं. हे गणित जुळत असेल तर पुढे तपासायचं काही नाही.

जुळत नसेल तर चार्जरवरचा लाल दिवा बघा. बहुतेक चार्जर अर्थिंग नसेल तर सुरूच होत नाहीत, आणि जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये अर्थिंग नावालाच असतं. मी जातो तेव्हा आधी न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजतो. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दहा-वीस निघालं तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय किंवा न्यूट्रल सैल आहे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घातल्यावर चार्जर सुरू झाला, तर दोष सापडला, पण तो कायमचा उपाय नाही. नवा खड्डा किंवा केमिकल अर्थिंग करून घ्या. काही जण न्यूट्रललाच अर्थची तार जोडून चार्जरला फसवतात. जीव जाऊ शकतो. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो.

दुसरं, व्होल्टेज किती पडतं. चार्जर बंद असताना सॉकेटवर २३० मिळत असतील आणि चालू केल्यावर २१० झाले, तर तार बारीक आहे किंवा मधे कुठे जोड सैल आहे. १०-१२ व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरला किमान ६ ची, असं मी टाकतो. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. गावाकडे रात्री शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की मीटरवरच १८० दिसतात, तिथे तुमच्या वायरिंगला दोष नाही.

तिसरी तपासणी तुम्ही स्वतः करा. अर्धा तास चार्जिंग झालं की प्लगच्या प्लॅस्टिकला बाहेरून हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर तिथल्या तिथे बंद करा. मागच्या वर्षी एका काकांकडे सॉकेट उघडलं तर फेजच्या पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन बुडबुडे आले होते, स्प्रिंग ढिली पडून काळी. वरून सगळं शाबूत होतं. गाडी मात्र रोज रात्री मधेच चार्जिंग थांबवत होती आणि काका सर्व्हिस सेंटरला खेटे घालत होते. सॉकेट बदललं, काम झालं. चार्जरसाठी एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही, कधीच. इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच), एवढं हवंच.

रेंजच कमी पडते तेव्हा

स्क्रीनवरची किलोमीटरची रेंज बघून निष्कर्ष काढू नका. तो आकडा तुमच्या मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज आहे. युनिटला किती किलोमीटर मिळतात ते बघा. गाडी किलोमीटरला किती वॉट-अवर लागले ते दाखवत असेल तर १००० ला त्या आकड्याने भागा. १५० असेल तर युनिटला साडेसहा-पावणेसात किलोमीटर.

आधी टायरची हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी, टायर थंड असताना. मग वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० च्या मानाने १२० ला सव्वादोन पट. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून सगळे तेवढ्याने जातात आणि शिर्डी यायच्या आत बॅटरीला शिव्या देतात. ९५-१०० ठेवून एकदा बघा.

मग घाट. खोपोलीहून खंडाळ्याला साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. माणसं धरून १७०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला निव्वळ अडीच युनिट लागतात, नेहमीचा खर्च वेगळा. ३० युनिटच्या बॅटरीत ते आठ-साडेआठ टक्के झाले. घाटात आकडा भराभर पडतो तो यामुळे. परतीच्या उतारावर त्यातलं बरंचसं परत मिळतं.

एवढं करूनही शंका असेल तर बॅटरीची क्षमता मोजा. गाडी २० टक्क्यांवर आणा, डीसी चार्जरवर ८० पर्यंत भरा, मशीनने किती युनिट दिले ते लिहा. ४० युनिटच्या बॅटरीत ६० टक्के म्हणजे २४. थोडी वीज थंडाव्यात आणि उष्णतेत जाते म्हणून २५-२६ दिसले तर बॅटरी ठणठणीत. २० च दिसले तर काहीतरी घटलं आहे. पण एलएफपी असेल तर आधी हळू चार्जिंगने १०० करून, मग पुन्हा मोजा. दोन वेगळ्या मशीनवर तोच आकडा आला तरच तो धरा.

इथे थांबा, माणूस बोलवा

- केशरी रंगाच्या जाड तारा दिसल्या की हात मागे. तिथे ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. कुठल्याही ओळखीच्या मेकॅनिकला उघडू देऊ नका.
- दोन मशीनवर इन्सुलेशनचा दोष, लाल रंगाचा हाय व्होल्टेजचा इशारा, चार्जिंगच्या तोंडाशी वितळल्याच्या खुणा किंवा जळका वास: चार्जिंग बंद, अधिकृत सर्व्हिस सेंटर.
- गाडी पुराच्या पाण्यात बुडाली, किंवा खालून दगड बसून बॅटरीच्या कवचाला पोचा आला: चार्जिंगला लावायची नाही, चालवायची नाही, टो करून न्या.
- क्षमतेच्या मोजणीत घट पक्की झाली: सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल लेखी मागा. मोठ्या बॅटरीवर बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. किती टक्क्यांच्या खाली ती लागू होते ते कागदावर असतं.
- घरी आरसीसीबी वारंवार पडतो, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात: मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. आरसीसीबी काढून टाकणारा इलेक्ट्रिशियन नको.

सर्व्हिस सेंटरला जाताना मशीनच्या स्क्रीनचा फोटो न्या: एरर कोड, व्होल्ट, अँपिअर, टक्के आणि वेळ. "हळू होते" एवढंच सांगितलं तर ते त्यांच्या चार्जरवर लावून "ठीक आहे" म्हणून परत पाठवतात. आणि बॅटरीच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का ते विचारा.

मोठ्या बॅटरीची गाडी घेऊ का?

सगळं तपासून झालं, काहीच निघालं नाही, तर शेवटी हा प्रश्न येतो. उत्तर रोजच्या फेरीवर नाही, तुमच्या नेहमीच्या लांब रस्त्यावर ठरतं. शहरात दिवसाला ४०-५० किलोमीटर होत असतील आणि घरी चार्जर असेल, तर टियागोची २४ युनिटची बॅटरीसुद्धा पुरून उरते.

हायवेसाठी छापील आकडा बाजूला ठेवा. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो; रस्त्यावर त्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश धरा. त्यातही हायवेवर तुम्ही १० ते ८० च वापरता. म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीत २८ युनिट, युनिटला साडेसहा किलोमीटर धरले तर दोन चार्जरमधलं अंतर १८० किलोमीटरच्या आत हवं. ६० युनिटची बॅटरी मोठ्या, जड गाडीत येते, तिथे युनिटला सहा किलोमीटर धरा, अडीचशे होतात. तुमच्या रस्त्यावर भरवशाचे चार्जर किती अंतरावर आहेत ते नकाशावर मोजा, आणि त्यातला एक बंद असेल असं धरून पुन्हा मोजा. ४० मध्ये बसत असेल तर जास्तीचे दोन-चार लाख घरच्या चांगल्या वायरिंगला आणि बाकी बँकेत ठेवा. वर्षातून दोनदा गावाला जाण्यासाठी रोज दोन-तीनशे किलो जास्तीचं वजन ओढण्यात अर्थ नाही.

उलट, घरी चार्जिंगची सोयच नसेल आणि आठवड्याला फास्ट चार्जरवरच जायचं असेल, तर मोठी बॅटरी घ्या. तेवढ्याच किलोवॅटचा भार मोठ्या बॅटरीत जास्त सेलमध्ये वाटला जातो, आणि खेपाही कमी होतात. जुनी गाडी घेत असाल तर विकणाऱ्याला घेऊन डीसी चार्जरवर जा आणि २० ते ८० ची मोजणी त्याच्यासमोर करा. तो तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.